लाट आली की पत्रकात काय वाचायचं आणि फोन कुणाला लावायचा

प्रश्न ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या नव्या सेक्रेटरींचा आहे. चार विंग आणि बऱ्याच घरांत साठीपुढची माणसं. त्यांनी लिहिलंय: "२०२०-२१ मध्ये, कोविडच्या साथीत, ग्रुपवर रोज महापालिकेचं पत्रक यायचं, हेल्पलाइनच्या याद्या यायच्या, बेडची माहिती यायची. पण दोन घरांत खरंच वेळ आली तेव्हा त्या ढिगातलं काय वापरायचं ते कुणालाच सुचलं नाही. पुन्हा अशी साथ आली तर आम्ही काय वाचायचं, काय जवळ ठेवायचं आणि फोन कुणाला करायचा?"

त्या काळात मी नवी मुंबईतल्या एका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. सकाळी स्वॅब, दुपारी होम आयसोलेशनवाल्यांना फोन, संध्याकाळी आकडे वर कळवायचे. त्यामुळे या विषयावर मला बोलतं केलंत तर उत्तर लांबणारच.

आज किती पॉझिटिव्ह सापडले हा आकडा सोसायटीच्या फारसा कामाचा नाही. ग्रुपवर सगळ्यात जास्त तोच फिरतो आणि सगळ्यात जास्त घाबरवतोही तोच. तुम्हाला लागतात त्या गोष्टी तीन: चाचण्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह येतायत, ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात, आणि तुमच्या घरातल्या पेशंटचा श्वास कसा चाललाय. पहिल्या दोन गोष्टी पत्रकात शोधायच्या. तिसरी कुठल्याच पत्रकात मिळत नाही, ती घरीच बघावी लागते.

पत्रक हातात आलं की आधी ते कुणाचं आहे ते बघा. हे फार क्षुल्लक वाटतं, पण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गोंधळाचं मूळ तिथेच असायचं. "ठाण्यात रुग्ण वाढले" अशी बातमी आली की ती ठाणे शहराची असते की ठाणे जिल्ह्याची, हे बातमी देणाराही कधीकधी सांगत नाही. जिल्ह्यात सहा महापालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर. प्रत्येकीचं पत्रक वेगळं, रुग्णालयं वेगळी, नियमही कधीकधी वेगळे. त्यात खारघर, कामोठे, कळंबोलीची माणसं स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात, पण ती पनवेल महापालिकेत, म्हणजे जिल्हा रायगड. खारघरहून कुणी नवी मुंबई महापालिकेच्या क्रमांकावर बेडसाठी फोन करायचं, अर्धा तास थांबायचं, आणि मग कळायचं की आपली महापालिकाच ही नव्हे. पेशंटचा तो अर्धा तास वायाच जायचा. तुमचे नातेवाईक तिकडे राहत असतील तर त्यांना पनवेलचे क्रमांक आजच घ्यायला सांगा.

नवी मुंबईचं पत्रक आठ विभागांत असायचं: बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. तुम्ही ऐरोलीची ओळ बघायची, आणि शेजारच्या दिघा-घणसोलीची. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका, वॉचमन, दूधवाला तिथूनच येत असतील, म्हणून. एका दिवसाची ओळ बघून काही कळत नाही. रविवारी चाचण्या कमी होतात, सोमवारी आकडा खाली येतो आणि ग्रुपवर लगेच हात जोडलेल्या बाहुल्या. मंगळवार-बुधवारी तो पुन्हा वर. म्हणून निदान सात दिवसांची बेरीज घ्या आणि ती मागच्या सात दिवसांशी ताडून बघा. एवढं गणित सोसायटीतला कुठलाही कॉलेजचा मुलगा करेल.

आता चाचण्यांचा भाग. हजार चाचण्यांत शंभर पॉझिटिव्ह आणि पाचशे चाचण्यांत शंभर पॉझिटिव्ह, दोन्ही दिवशी पत्रकात आकडा शंभरच. पण पहिल्या दिवशी प्रमाण दहा टक्के, दुसऱ्या दिवशी वीस. दुसऱ्या दिवशी आजार जास्त पसरलेला आहे आणि आपल्याला तो दिसतही कमी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये नवी मुंबई महापालिकेने नेरूळच्या माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालयात स्वतःची आरटीपीसीआर लॅब सुरू केली, त्याच्या आधी रिपोर्टला दिवसचे दिवस लागायचे. चाचण्या वाढल्या की आकडे वाढणार हे उघड होतं. पण लोक म्हणायचे, लॅब आली आणि कोरोना वाढला.

राज्य सरकारने जून २०२१ मध्ये निर्बंध उठवण्याचे जे पाच स्तर ठरवले ते याच दोन गोष्टींवर होते. पॉझिटिव्हिटी पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, जवळजवळ सगळं खुलं. पॉझिटिव्हिटी वीस टक्क्यांच्या वर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त भरल्या तर पाचवा, म्हणजे कडक निर्बंध. ते स्तर आता कागदावरच उरले, पण मोजपट्टी म्हणून आजही वापरा. पॉझिटिव्हिटी पाचच्या आत असेल तोवर साठीपुढच्यांनी गर्दीत मास्क लावला की बाकी व्यवहार नेहमीसारखे चालू द्या. दहाच्या वर गेली आणि खाटाही भरू लागल्या की हळदीकुंकू, वाढदिवस, भजनी मंडळ, बंद हॉलमधली मिटिंग, सगळं पुढे ढकला. वार्षिक सभा गच्चीवर घ्या, उघड्यावर.

आकड्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. १६ जून २०२० रोजी राज्याच्या आकड्यांत एकदम १,३२८ मृत्यू वाढले. ते त्या दिवशीचे नव्हते, आधीच्या काळातले नोंदवायचे राहिलेले होते. त्या रात्री मला आलेले फोन मी विसरणार नाही. लोकांना वाटलं एका दिवसात आभाळ फाटलं. असा आकडा उसळला की पत्रकाच्या तळाची बारीक अक्षरातली टीप वाचायची.

दुसरी गोष्ट ओमायक्रॉनची. राज्यातला पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला, ४ डिसेंबर २०२१ ला. महिनाभरात घराघरांत सर्दी-ताप. तोवर घरच्या घरी करायची अँटिजेन किट बाजारात आली होती, आणि जानेवारी २०२२ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, सांगितलं की लक्षणं नसलेल्या, जोखमीत नसलेल्या संपर्कातल्या माणसाची चाचणी करायची गरज नाही. घरातल्या किटवर पॉझिटिव्ह आलेले बहुतेक लोक कुणाला कळवतही नव्हते. म्हणजे त्या लाटेतल्या आकड्याची दुसऱ्या लाटेतल्या आकड्याशी तुलनाच होत नाही. पुढची लाट आली तर ती अशीच, किटमध्ये लपलेली येईल असा माझा अंदाज आहे. तेव्हा पॉझिटिव्हचा आकडा सोडा, रुग्णालयात किती भरती आहेत तेवढं विचारा.

नियमांच्या फॉरवर्डवर तारीख नसेल तर तो मेसेज ग्रुपवर ठेवू नका. एवढा एक नियम सेक्रेटरी म्हणून लावलात तरी अर्धं काम झालं. होम आयसोलेशन मे २०२० मध्ये सतरा दिवसांचं होतं, एप्रिल २०२१ मध्ये दहा दिवसांचं, जानेवारी २०२२ मध्ये सात दिवसांचं, आणि शेवटचे तीन दिवस ताप नको ही अट. तिन्ही वेळी सरकारचं बरोबरच होतं, कारण आजाराबद्दलची माहिती बदलत होती. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग मे २०२१ पासून बारा ते सोळा. मे महिन्यात मार्चचा मेसेज वाचून लोक दुसऱ्या डोससाठी रांगेत उभे राहायचे आणि कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदच होईना म्हणून आमच्या सिस्टरवर ओरडायचे. सिस्टर बिचारी काय करणार!

आता घरातली गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणसं वाचतात ती इथे.

घणसोलीच्या माथाडी वसाहतीत एक आजोबा होते. आयुष्यभर वाशीच्या मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहिलेला माणूस, छाती अशी की बघत राहावं. सून काळजीत, पण आजोबा खाटेवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "मला काय नाय झालं डॉक्टरीणबाई, उगा आल्या तुम्ही." चेहरा शांत, दम लागलेला नाही असं वरवर दिसत होतं. ऑक्सिमीटर लावला तर ८६. बशी खाली ठेवायला सांगून मी त्यांचा श्वास मोजला, मिनिटाला तीस. आणि मग लक्षात आलं की ते एक वाक्य एका दमात पुरं करत नव्हते. "मला काय नाय झालं" नंतर एक थांबा होताच. कोविडमध्ये हे असं होतं. शरीरातला ऑक्सिजन खाली जातो आणि माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही. म्हणून "त्यांना काही त्रास नाही म्हणतात" या वाक्यावर विसंबायचं नाही, यंत्रावर आणि घड्याळावर विसंबायचं.

श्वास मोजायची रीत अशी. पेशंटला सांगू नका की श्वास मोजतोय, तो लगेच वेगळा घ्यायला लागतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि नजर पोटावर ठेवा. पोट एकदा वर-खाली झालं की एक. पूर्ण मिनिटभर मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मोठ्या माणसात चोवीसच्या वर गेला तर डॉक्टरला फोन.

ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको. हात चोळून ऊब आणा. नखावर नेलपॉलिश नको, ताजी मेंदीही घोटाळा करते. पाच मिनिटं शांत बसवून मग लावा, हात मांडीवर किंवा छातीशी स्थिर, आणि आकडा ठरेपर्यंत निदान अर्धा मिनिट थांबा. पहिला उडालेला आकडा लिहून घेऊ नका. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. फोनवर "चौऱ्याण्णव आहे डॉक्टर" असं सांगितलेला आकडा नाडीचा निघाला, हे वरचेवर व्हायचं. आणि सगळ्यात वाईट चूक मीटर उलटं धरण्याची. त्यावरचे इंग्रजी आकडे उलटे वाचले तर ८६ चे ९८ दिसतात. घरातली सगळी खूश, आणि पेशंट बुडतोय. तेव्हा मीटरवरच्या अक्षरांची दिशा बघा, मग आकडा. त्वचा गडद असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवू शकतं, हेही ध्यानात असू द्या. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा: काल ९७, आज सकाळी ९५, दुपारी ९४, हा घसरणारा पेशंट आहे, जरी प्रत्येक आकडा "नॉर्मल" वाटला तरी.

बसून आकडा ९३ च्या वर असेल तर सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करा. सपाट, कडक फरशीवर, घरातल्या घरात, जिने नाहीत. बोटाला मीटर लावून सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालायचं. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं चालले तरी चालेल. चालून आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा सुरुवातीपेक्षा तीनने उतरला, किंवा दम लागला, तर रुग्णालय गाठायचं. बसूनच आकडा कमी असेल, दमा असेल, तर ही चाचणी करूच नका. कुणीतरी सोबत असायलाच हवं.

ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, पण दुसऱ्या लाटेत आम्ही पाहिलं की बिघडणारे पेशंट बऱ्याचदा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मधे बिघडतात. म्हणून लक्षण सुरू झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. रिपोर्टची तारीख वेगळी असते, ती नको. पाचव्यानंतर मीटर दिवसातून चार वेळा. छातीत सतत दाब, ओठ निळसर, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा उठवून जागा होईना, तर आकड्याची वाट न बघता निघायचं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत पेशंटला पोटावर झोपवा, छातीखाली आणि कमरेखाली उशी. बऱ्याच जणांचा ऑक्सिजन दोन-तीन आकड्यांनी वर येतो. गरोदर बाईला किंवा हृदयाचा मोठा आजार असलेल्याला असं झोपवू नका.

औषधांबाबत माझं मत कडक आहे. घरी असलेल्या पेशंटला पॅरासिटामॉल, पाणी, आराम आणि त्याची नेहमीची बीपी-शुगरची गोळी, एवढंच लागतं बहुतेकांना. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा उपयोग होतो हे २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या औषधांच्या मोठ्या अभ्यासातून कळलं, पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही. हा दुसरा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर आलाच नाही. पहिल्या दिवसापासून स्टिरॉइड घेतलेले, आधीच शुगर असलेले पेशंट मी बघितलेत, आणि मे-जून २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, काय केलं तेही. रेमडेसिविर घरी द्यायचं औषधच नव्हतं, तरी एप्रिल २०२१ मध्ये लोक ठाणे ते पनवेल मेडिकलच्या दारात उभे होते. प्लाझ्मा तर मे २०२१ मध्ये उपचारांच्या यादीतूनच काढून टाकला. आणि लक्षणं हलकी असताना दुसऱ्या दिवशी छातीचं एचआरसीटी (सीटी स्कॅन) काढून "स्कोअर" विचारत बसणं, हा शुद्ध पैशांचा आणि झोपेचा नाश.

आता फोन. ग्रुपवर पन्नास क्रमांकांची यादी नको. तिच्यातले निम्मे बंद असतात, उरलेले उचलत नाहीत. चार पुरेत, आणि ते प्रत्येक लिफ्टमध्ये, ठळक अक्षरात, शेवटी कधी तपासले त्या तारखेसह. एक, तुमच्या विभागाचं नागरी आरोग्य केंद्र, कारण तुमच्या इमारतीचं नाव ऐकल्यावर "कुठे आलं हे?" असं न विचारणारी माणसं तिथेच असतात. दोन, महापालिकेची वॉर रूम किंवा कॉल सेंटर, साथ नसताना हा क्रमांक बंद असू शकतो, तेव्हा तो लाट सुरू होताच ताजा करायचा. तीन, १०८, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी. चार, १०४, राज्य आरोग्य विभागाची सल्ल्याची लाइन. तुमचा फॅमिली डॉक्टर या चारांच्या आधी, पण त्याचा क्रमांक घराघरांत वेगळा.

वॉर रूमला फोन करण्यापूर्वी एका कागदावर हे लिहून ठेवा: नाव, वय, लक्षण सुरू झाल्याची तारीख, रिपोर्टचा आयडी, आत्ताचा ऑक्सिजन बसून आणि चालून, शुगर-बीपी-किडनीचा आजार असेल तर तो, पत्ता आणि जवळची ठळक खूण. पलीकडे बसलेली मुलगी हेच विचारणार असते आणि त्यावरून ठरवणार असते की पेशंटला साधी खाट, ऑक्सिजनची खाट की आयसीयू. "लवकर काहीतरी करा हो" या वाक्यातून तिला काही मिळत नाही. माझ्या केंद्रातून मी फोन करायचे तेव्हाही हाच क्रम. ८८ आणि मधुमेह, एवढं पहिल्या वाक्यात सांगितलं की खाट शोधायला सुरुवात व्हायची.

आणि खाजगी मोठ्या रुग्णालयाचा आग्रह धरून दारोदार फिरू नका. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये हजाराहून अधिक खाटांचं कोविड केंद्र उभं राहिलं, ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल हबमध्येही तेवढंच मोठं रुग्णालय. सुरुवातीला लोक नाकं मुरडायचे. ऑक्सिजन मात्र तिथे पाइपातून यायचा आणि बिल शून्य. अशी केंद्रं पुन्हा उभी राहिली तर तिथे मिळालेली पहिली खाट घ्या, नंतर हलवता येतं.

पैशांबद्दल थोडं. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्याने खाजगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधले: वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट, महागडी औषधं आणि काही तपासण्या त्यात नव्हत्या, आणि बिल फुगायचं ते तिथेच. म्हणून रोजच्या रोज औषधांचा हिशेब मागायचा, डिस्चार्जच्या दिवशी एकदम नाही. महापालिकांनी बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले होते आणि तक्रारीनंतर जादा घेतलेले पैसे परतही मिळाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्या वर्षी पिवळ्या-केशरी रेशनकार्डापलीकडे सगळ्यांसाठी खुली झाली, तेव्हा मर्यादा दीड लाखांची होती. आता ती पाच लाखांवर गेली आहे. योजना सगळ्या रुग्णालयांत चालत नाही. भरती होताना "आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला माणूस, कुठे बसतात?" हा एक प्रश्न विचारा, उत्तर काय येतं त्यावरून समजेल. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घरातल्या फाइलमध्ये असू द्या.

कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं ते कागदांवरच. पॉझिटिव्ह रिपोर्ट, रुग्णालयाची कागदपत्रं, मृत्यूच्या कारणाचा दाखला. चाचणीपासून तीस दिवसांच्या आतला मृत्यू धरला जायचा, मग तो घरी झाला तरी. ज्या घरांनी रिपोर्ट फोनवरच ठेवला आणि फोन बदलला, त्यांची फरफट झाली. रिपोर्टचा प्रिंट काढा, दोन रुपये जातात.

सोसायटी म्हणून काय करायचं नाही, तेही सांगते. गेटवर येणाऱ्या माणसावर सोडियम हायपोक्लोराइट फवारायचं नाही. आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच ते नको म्हणून सांगितलं होतं, तरी कितीतरी सोसायट्यांनी "सॅनिटायझेशन टनेल" विकत घेतले. जिन्याचा कठडा दिवसातून तीनदा पुसण्यापेक्षा जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवा. हा आजार प्रामुख्याने हवेतून जातो. लिफ्टमध्ये मास्क, जिम बंद, क्लबहाऊसच्या एसीऐवजी दोन समोरासमोरच्या खिडक्या. पेशंटच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन बाहेर हवा फेकतोय ना, ते बघा. पुष्कळ ठिकाणी तो उलटा बसवलेला असतो. पॉझिटिव्ह घराच्या दारावर कागद चिकटवून त्यांचा कचरा उचलणं बंद करू नका. असं केलं की पुढचं घर चाचणीच करत नाही, आणि आम्हाला पेशंट सापडतो तो थेट ८० वर.

लसीकरण शिबिर घ्यायचं झालं तर एवढंच: मे २०२१ मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीत बनावट शिबिर झालं, लोकांनी पैसे मोजून इंजेक्शनं घेतली. शिबिर घेणाऱ्या रुग्णालयाच्या कार्यालयात स्वतः जाऊन पत्र घ्या, कुपीवरचा बॅच क्रमांक लिहून ठेवा, आणि त्याच संध्याकाळी प्रमाणपत्रावर त्याच केंद्राचं नाव आलंय का ते तपासा.

एक यादी मात्र आजच करा, लाटेची वाट न बघता. सोसायटीत डायलिसिसवर कोण आहे, क्षयाची औषधं कुणाची चालू आहेत, कोण गरोदर आहे, कुणाच्या बाळाच्या लसी बाकी आहेत, इन्सुलिन कुणाला लागतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कोविडशिवायच्या आजारांनी लोकांना फार छळलं. देशात क्षयरुग्णांची नोंद २०१९ मध्ये सुमारे २४ लाख होती, ती २०२० मध्ये १८ लाखांवर आली; क्षय कमी झाला नव्हता, माणसं दवाखान्यात पोहोचली नव्हती. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं, ते "लॉकडाउन संपल्यावर बघू" म्हणता येत नाही, आणि केंद्र कंटेनमेंट झोनमध्ये गेलं की दुसरं शोधावं लागतं. अशा प्रत्येक घरासाठी दुसऱ्या केंद्राचं नाव आणि गाडी चालवू शकणारा एक शेजारी, दोन्ही लिहून ठेवा. माणसं खाजगी गोष्ट सांगायला का-कू करतील, तेव्हा यादी ग्रुपवर टाकू नका, सेक्रेटरी आणि आणखी एका बाईमाणसाकडे कागदावर राहू द्या. दर सहा महिन्यांनी ती बदला. बाळं मोठी होतात आणि भाडेकरू बदलतात.